कांदा की नॅरेटिव्ह? दिंडोरीत उत्तर शोधताना

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ३० महाविकास आघाडीला, १७ महायुतीला आणि सांगलीची एक अपक्षाला गेली. निकाल लागल्या लागल्या दोन कारणं सगळीकडे ऐकू यायला लागली. भाजपचे नेते 'फेक नॅरेटिव्ह'कडे बोट दाखवत होते. संविधान बदलणार, आरक्षण जाणार, असं लोकांच्या मनात भरवलं गेलं, हे त्यांचं म्हणणं. आमच्या नाशिक पट्ट्यात मात्र जो तो कांद्याचं नाव घेत होता, आणि महायुतीतल्या काही नेत्यांनीही कांद्याचा फटका बसल्याचं पुढे मान्य केलं. दोन्ही बाजू अगदी ठाम. मतदारानं काय वाचलं, त्यातलं काय खरं मानलं आणि त्याचा मताशी संबंध किती, हे विचारत घरोघर फिरणारे मात्र थोडेच होते. माझ्या पीएच.डी.चा विषय नेमका हाच. मतदान झाल्या दिवसापासून आमची छोटी टीम दिंडोरी मतदारसंघात हेच विचारत फिरत होती. ते काम कसं चालतं हे सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण निवडणुकीच्या आकड्यांवर आपण तावातावानं भांडतो, पण तो आकडा कुठल्या ओट्यावर बसून, कुणाला विचारून आला हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

दिंडोरी निवडण्यामागे कारण होतं. मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. त्यात नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. एका टोकाला लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्या, द्राक्षबागा, घरटी दोन-तीन स्मार्टफोन. दुसऱ्या टोकाला सुरगाणा आणि पेठचे पाडे, जिथे रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं. म्हणजे फोनवरचा प्रचार आणि प्रत्यक्ष जगणं यांचा संबंध तपासायचा तर दोन्ही टोकं एकाच मतदारसंघात मिळत होती. शिवाय डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद होती, आणि इथलं मतदान पाचव्या टप्प्यात, २० मेला होतं.

पहिला प्रश्न, विचारायचं कुणाला? गावात पारावर जाऊन बसलं की दहा जण आपणहून बोलायला येतात. ते सगळे पुरुष असतात, बऱ्याचदा एकाच भावकीतले, आणि ज्यांना बोलायचंच असतं ते. त्यामुळे पारावर मुलाखत घ्यायची नाही, हा आमचा पहिला नियम. आपल्याकडे निवडणूक-अभ्यासाची जी पद्धत रुळलेली आहे तीच आम्ही घेतली. दिल्लीच्या सीएसडीएस या समाजविज्ञान संशोधन संस्थेनं १९६७ मध्ये देशपातळीवरचा मतदार-अभ्यास केला, १९९७ मध्ये तिथेच 'लोकनीती' हा निवडणूक-अभ्यासाचा उपक्रम उभा राहिला, आणि महाराष्ट्रात सुहास पळशीकर, राजेश्वरी देशपांडे, नितीन बिरमल यांच्यासारख्या अभ्यासकांनी विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांना या कामात तयार केलं. पद्धत सांगायला सोपी आहे. मतदान केंद्रं यदृच्छेनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवडायची. त्या केंद्राची मतदार यादी घ्यायची. एकूण मतदारांना हव्या असलेल्या मुलाखतींनी भागायचं, जो आकडा येईल तितकी नावं सोडत खाली उतरायचं. पहिलं नावही यदृच्छेनंच. एकदा नाव आलं की त्याच माणसाला शोधायचं. घरी नसेल तर पुन्हा जायचं. शेजारचा कितीही म्हणाला, 'त्याला काय विचारता, मला विचारा,' तरी त्याला नमस्कार करून पुढे व्हायचं.

करताना हे सोपं राहत नाही. यादीतला घर क्रमांक गावात कुणालाच ठाऊक नसतो. पुरुषाचं नाव घेतलं की कुणीतरी बोट दाखवतं. बाईचं नाव घेतलं की सगळे एकमेकांकडे बघतात, कारण गावासाठी ती कुणाची तरी आई किंवा कुणाची तरी सून असते. ती बाई सापडत नाही म्हणून तिच्या जागी सापडणाऱ्या पुरुषाला विचारलं तर सगळा नमुनाच, म्हणजे यादीतून निवडलेला मतदारांचा गटच, वाकडा होतो. आम्हाला वाट दाखवली ती आशाताईंनी आणि अंगणवाडी सेविकांनी. त्यांच्या वह्यांत बायका स्वतःच्या नावानं असतात. एका गावात आशाताई यादीवर नुसती नजर फिरवून सांगत गेल्या, 'ही लग्न होऊन सिन्नरला गेली, हे वारले मागच्या साली, हा अंबडच्या कंपनीत असतो, रविवारी येतो.' प्रत्येक नावापुढे तशी नोंद: मयत, स्थलांतरित, भेट नाही, नकार. ही नोंद मला मुलाखतीइतकीच महत्त्वाची वाटते. सर्वेक्षण वाचताना मी आता आधी हेच शोधते, की किती जणांपर्यंत पोचायचं ठरलं होतं आणि प्रत्यक्षात किती जण भेटले. जे हे सांगत नाहीत त्यांच्या टक्केवारीवर माझा विश्वास बसत नाही.

वेळेचंही बंधन होतं. मतदान २० मेला आणि मोजणी ४ जूनला. निकाल लागल्यावर विचारलं तर जिंकलेल्याला मत दिलं म्हणणारे एकदम वाढतात, हा जगभरचा अनुभव आहे. त्यातही १ जूनला शेवटचा टप्पा संपला की संध्याकाळी एक्झिट पोल सुरू होणार. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार सगळे टप्पे संपेपर्यंत ते दाखवता येत नाहीत, आणि त्या तरतुदीचा आम्हाला असा वेगळाच उपयोग झाला: तोवर मतदाराच्या कानावर कुठलाही आकडा पडलेला नव्हता. त्यामुळे होतील तितक्या मुलाखती १ जूनच्या आत उरकायच्या, आणि नंतरच्या मुलाखतींवर वेगळी खूण करायची असं ठरवलं.

मे महिन्याचं ऊन, आणि उन्हाळ कांदा चाळीत भरायचे दिवस. लोक घरी कमी, चाळीपाशी जास्त. बऱ्याच मुलाखती कांद्याच्या ढिगाशेजारीच झाल्या. घरातल्या बाईला काही विचारलं की उत्तर नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून यायचं, त्यासाठी आम्ही जोडीनं जायचो. एक जण दादांना जमीन, पाणी, पीककर्ज यांचे प्रश्न विचारत बाजूला बसायचा, तोवर दुसरीनं ताईंशी बोलायचं. दोघांकडचीही माहिती आम्हाला खरोखरच लागायची, त्यामुळे यात फसवणूक काही नव्हती.

मत कुणाला दिलं, हे आम्ही तोंडी विचारत नाही. उमेदवारांची नावं आणि चिन्हं छापलेली नकली मतपत्रिका हातात देतो, पाठ फिरवतो, खूण करून घडी घालून पेटीत टाकायला सांगतो. दिंडोरीत या कागदानं मला बरंच शिकवलं. इथे शरदचंद्र पवारांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार होते भास्कर भगरे, चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. त्याच यंत्रावर बाबू भगरे नावाचे एक अपक्ष होते आणि त्यांचं चिन्ह होतं नुसती तुतारी. एक आजी कागद हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या. बोट एका चित्रावरून दुसऱ्यावर. मग माझ्या सहकारी मुलीला म्हणाल्या, 'बाई, तुतारी दोन कशा गं?' आमच्या नियमाप्रमाणे त्यावर काही बोलायचं नव्हतं. तिनं फक्त 'आजी, मशीनवर जे दाबलं तेच इथं करा,' एवढंच सांगितलं. आजींनी खूण केली, घडी घातली, पेटीत टाकली. त्यांनी कुठलं चित्र निवडलं ते आम्ही तिथे पाहिलं नाही. पण फॉर्मच्या समासात 'दोन्ही चिन्हांबाबत विचारणा' अशी नोंद केली, आणि मग पुढच्या गावांमध्ये ती नोंद पुन्हा पुन्हा येत गेली. ४ जूनला त्या अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडल्याचं जाहीर झालं. भास्कर भगरे तरीही जिंकले, भाजपच्या भारती पवार हरल्या. टीव्हीवर चर्चा चालली होती नॅरेटिव्हची, आणि या मतदारसंघात लाखभर मतांचा प्रश्न यंत्रावर छापलेल्या एका छोट्या चित्राशी येऊन ठेपला होता. त्या लाखातली किती मतं चुकून पडली हे कुणीच नक्की सांगू शकणार नाही. पण निवडणुकीतल्या माहितीचा अभ्यास करायचा तर फोनइतकंच मतदान यंत्राकडेही बघायला हवं, हे मला तिथे पटलं.

आता फोनकडे येते. या कामाची परवानगी मिळायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि ते योग्यच होतं. व्हॉट्सॲपचे संदेश २०१६ पासून कूटबद्ध असतात, बाहेरून कुणाला दिसत नाहीत. फेसबुकवरच्या मजकुराचा माग काढायला संशोधक आणि पत्रकार वापरायचे ते 'क्राउडटँगल' हे साधन मेटा कंपनीनं १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं. ट्विटरनं अभ्यासकांना मोफत डेटा देणारं दालन २०२३ मध्येच गुंडाळलं होतं. मग उरतो एकच सरळ रस्ता: माणसासमोर बसायचं आणि त्याला विचारायचं, 'निवडणुकीबद्दल तुमच्या ग्रुपवर आलेले संदेश आम्हाला द्याल का?' काही जण गुपचूप ग्रुपमध्ये शिरून संदेश गोळा करतात. मला ते मान्य नाही. ग्रुपमधल्या बाकीच्यांनी कुठे होकार दिलेला असतो? म्हणून आम्ही फक्त 'फॉरवर्डेड' अशी खूण असलेले संदेश घ्यायचं ठरवलं, म्हणजे जे कुणाचं खासगी बोलणं नाही. देणाऱ्यानं स्वतः निवडून द्यायचे. पाठवणाऱ्याचं नाव आणि नंबर जागच्या जागी काढून टाकायचा. नंतर कधीही 'माझे संदेश पुसा' म्हणता येईल, असं संमतिपत्रात मराठीत लिहिलेलं आणि वाचूनही दाखवलेलं. चांदवडकडच्या एका तरुणानं पत्र दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, 'मॅडम, हे पोलिसांनी मागितलं तर?' नंबरच ठेवत नसल्यानं द्यायला आमच्याकडे काही नसेल, हे पटल्यावरच त्यानं फोन उघडला.

त्याच्या भीतीला या भागात इतिहास आहे. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, १ जुलै २०१८ ला, व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अफवांमुळे मुलं पळवणारी टोळी समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली, आणि एप्रिल २०२० मध्ये दोन बाणांची खूण असलेला, म्हणजे खूप फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. मर्यादेचा उपयोग आहेच. पण आमच्याकडे आलेल्या चित्रांमध्ये असंख्य स्क्रीनशॉट होते. स्क्रीनशॉट काढला की बाण गळून पडतात आणि जुना संदेश नव्यानं जन्मल्यासारखा फिरतो. तेच चित्र वेगवेगळ्या आकारांत, कुठे कडा कापलेलं, कुठे खाली कुणाचं तरी नाव चिकटवलेलं. एकच मूळ असलेली चित्रं एकत्र लावण्यासाठी आम्ही संगणकाची मदत घेतली, पण शेवटची खात्री डोळ्यांनीच केली.

मग आलं वर्गीकरण. प्रत्येक संदेश दोघांनी एकमेकांना न विचारता तपासायचा, विषय काय आणि मजकूर खरा की खोटा हे ठरवायचं, आणि योगायोगानं जुळणारा भाग वजा करून दोघांची सहमती मोजायची. याला कोहेनचा कप्पा म्हणतात. विषयाच्या बाबतीत सहमती चांगली आली. खऱ्या-खोट्यात मात्र वाद, आणि तोही संविधानाच्या संदेशांवर कमी, कांद्यावर जास्त. इथे जरा थांबते, कारण माझ्या मते सगळ्या कामाचं सार इथे आहे.

२५ एप्रिल २०२४ ला केंद्र सरकारनं गुजरातमधल्या पांढऱ्या कांद्याच्या २,००० टन निर्यातीला परवानगी दिली. नाशिकचा लाल कांदा बंदच. त्या आदेशाचा फोटो, खाली दोन ओळींचा संताप, असा संदेश आम्हाला फोनमागून फोनमध्ये मिळाला. तो खोटा नव्हता. सरकारी कागदच होता तो. दोन दिवसांनी, २७ एप्रिलला, सहा देशांना मिळून ९९,१५० टन निर्यातीला परवानगी असल्याचं सरकारनं जाहीर केलं. लगेच दुसऱ्या बाजूचे संदेश आले: बंदी उठली, शेतकऱ्यांचा विजय. त्यावर प्रत्युत्तर: या तर आधीच दिलेल्या परवानग्यांची बेरीज आहे, नवीन काय? आकडा बरोबर, परवानग्या खऱ्या, पण बंदी उठलेलीच नव्हती. ती उठली ४ मेला, आणि तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. आता '९९,१५०'च्या संदेशाला खरा म्हणायचं की खोटा? माझा सहकारी म्हणाला खरा, मी म्हटलं दिशाभूल. शेवटी आम्ही नवा रकाना केला: 'तपशील खरा, मांडणी फसवी'. तो रकाना भराभर भरत गेला, आणि निखळ खोट्याचा त्यामानानं मोकळा राहिला.

म्हणूनच 'फेक नॅरेटिव्ह'नं निवडणूक फिरवली, हे सरसकट विधान मला पटत नाही. ज्याच्या चाळीत कांदा सडतोय त्याला पांढऱ्या कांद्याचा आदेश समजावून सांगायला कुठल्याही आयटी सेलची गरज नव्हती. बाजार समितीचे भाव लोकांना रोज फोनवर येतात. आलेला राजकीय संदेश ते या भावाशी ताडून बघत होते. निफाडचे एक काका म्हणाले, 'ताई, मेसेज कुणाचाही असू द्या, लिलावात काय पुकारतात ते आम्हाला कळतं.' संविधानाचं वेगळं होतं. ते बोलणं आम्ही गेलो त्या दलित वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांत फोनपेक्षा माणसांकडून पोचलेलं दिसलं: समाजमंदिरातली बैठक, नोकरीला असलेला भाचा, शाळेतले गुरुजी. १९४० मध्ये अमेरिकेत ओहायोच्या ईरी काउंटीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारांना पुन्हा पुन्हा भेटून जो निष्कर्ष काढला होता, की प्रसारमाध्यमातला मजकूर आधी काही बोलक्या, विश्वासातल्या माणसांपर्यंत जातो आणि त्यांच्यामार्फत इतरांपर्यंत, तो पाठ्यपुस्तकात वाचताना जुनाट वाटायचा. सुरगाण्यात तो डोळ्यांसमोर घडताना दिसला.

लोकांना खोटं ओळखायला शिकवलं की झालं, असंही कुणी समजू नये. राज्यशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा बद्रिनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये घरोघर जाऊन तासभराचं असं प्रशिक्षण दिलं होतं. खोटी बातमी ओळखण्याच्या क्षमतेत एकूणात फरक पडला नाही. पक्षनिष्ठा माहितीच्या आड येते, हे त्यातून दिसलं.

कामाचा दुसरा भाग नोव्हेंबरमध्ये झाला. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं आणि आम्ही आधीच्याच घरी पुन्हा गेलो. काहींनी दारातूनच ओळखलं, चहा ठेवला. निकाल तर सगळ्यांना माहीत आहे: महायुतीच्या तीन मुख्य पक्षांना मिळून २८८ पैकी २३० जागा. दिंडोरी लोकसभेतल्या सहाच्या सहा विधानसभा महायुतीनं जिंकल्या. मेमध्ये ज्यांना नॅरेटिव्हनं भुलवलं म्हणायचं, तेच मतदार, तेच फोन, तेच ग्रुप. मधल्या काळात 'लाडकी बहीण'चे महिन्याला दीड हजार रुपये खात्यात आले होते, सप्टेंबरमध्ये कांद्याचं किमान निर्यातमूल्य काढून शुल्क २० टक्क्यांवर आणलं होतं, आणि उमेदवार लोकांच्या रोजच्या ओळखीतले होते. मेमध्ये सासऱ्यांच्या आडून बोलणाऱ्या एका ताईंनी या वेळी स्वतः खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, 'तेव्हा कांद्यावर दिलं, आता माझ्या खात्यावर दिलं. दोन्ही वेळेला हिशोब करूनच दिलं.' सगळ्यांचं असं स्वच्छ नव्हतं. पैसे, कांदा, जात, उमेदवार या चार गोष्टी एकाच माणसाच्या उत्तरात इतक्या गुंतलेल्या असतात की कुणाचा वाटा किती हे आमच्या फॉर्मवरून वेगळं काढता येत नाही, आणि प्रबंधात मी ते तसंच लिहिलं आहे.

युरोपात डिजिटल सेवा कायद्याच्या कलम ४० नं मान्यताप्राप्त संशोधकांना मोठ्या कंपन्यांकडून डेटा मागण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे तशी तरतूद नाही. ती व्हावी यासाठी राज्यशास्त्राच्या लोकांनी आवाज उठवायला हवा, असं मला मनापासून वाटतं. तोवर घरोघरचं काम चालू ठेवायचं. पुढच्या फेरीच्या प्रश्नावलीत आम्ही पाड्यांसाठी वेगळा भाग घातला आहे, कारण सुरगाण्यात 'व्हॉट्सॲपवर काय आलं?' या प्रश्नाला 'काही नाही' हेच उत्तर जास्त होतं आणि मग आमचा फॉर्म तिथेच संपत होता. आता तिथे विचारतो: निर्यातबंदी झाल्याचं, योजनेची तारीख वाढल्याचं, मतदान केंद्र बदलल्याचं तुम्हाला कुणाकडून कळलं, आणि किती दिवसांनी?